ऑडिओ डिस्क्रिप्शन आहे, तरी मालिका ऐकवत नाही: नेमकं कुठे बिघडतं?

कानसेन

मंडळी, ओटीटीवरच्या ऑडिओ डिस्क्रिप्शनबद्दल (पुढे नुसतं एडी म्हणतो) जाणकारांचं मत हवं आहे. ठाऊक नसलेल्यांसाठी: संवादांच्या मधल्या मोकळ्या जागांत निवेदक पडद्यावर काय घडतंय ते सांगत जातो, असा तो वेगळा ऑडिओ ट्रॅक. ऐकणाऱ्यांत पूर्ण अंध, अंधुक दिसणारे आणि डोळस असे सगळेच आहेत.

अडचण अशी, की एकाच ॲपवर एका हिंदी मालिकेचं एडी वेगळं असं जाणवतसुद्धा नाही, सगळं आपोआप कळत जातं. दुसरीचं मात्र पंधरा मिनिटांत डोकं उठवतं. प्रश्न असे:

१. हा फरक कशामुळे? यांत्रिक आवाज हेच मुख्य कारण का?
२. निवेदक तोंड उघडतो तेव्हा पार्श्वसंगीत गडप होतं आणि तो थांबला की अंगावर येतं. दोष टीव्हीचा की ट्रॅकचा?
३. एडी लावलं की साउंडबारचा भरदार आवाज एकदम सपाट का होतो?
४. एका छोट्या मराठी वेब मालिकेच्या मंडळींना एडी करून घ्यायचं आहे. त्यांनी काय काय पाहावं?

पटकथावाला

आवाजाचा नंबर तिसरा लागतो. आधी लेखन, मग मिक्सिंग, मग आवाज. भिकार लिहिलेलं एडी कितीही कसलेल्या नटाकडून वाचून घेतलं तरी भिकारच राहतं.

लेखनात सगळा खेळ वेळेचा. समजा प्रसंग असा आहे: सुनंदा स्वयंपाकघरात मोबाइलवर हळू आवाजात बोलतेय. नवरा बाहेरच्या खोलीतून विचारतो, "कोणाशी बोलतेस?" चार सेकंद शांतता. मग ती म्हणते, "कोणाशी नाही."

कच्चं एडी असं येतं: "सुनंदा घाबरलेली आहे. ती स्वयंपाकघरात उभी असून तिने निळी साडी नेसली आहे. ती हातातला मोबाइल लपवते." उच्चारात मोजली तर ही चाळीसेक अक्षरं झाली. निवांत कळेल असं मराठी किंवा हिंदी निवेदन सेकंदाला पाच-सहा अक्षरांच्या वर गेलं की ऐकणाऱ्याची दमछाक होते. म्हणजे चार सेकंदांत फार तर वीस-बावीस. आता निवेदकापुढे दोनच वाटा उरतात: भरभर उरकायचं, नाहीतर तिच्या उत्तरावर चढायचं. आणि उत्तर देताना तिचा आवाज कापतो, तेच तर ऐकायचं होतं.

पक्कं एडी: "सुनंदा मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसते." पंधरा अक्षरं, पावणेतीन सेकंद. उरलेल्या सव्वा सेकंदात डब्याचं झाकण दाबून बसवल्याचा आवाज मोकळा ऐकू येतो आणि तो कशाचा हेही कळलेलं असतं. ती घाबरली हे सांगावंच लागत नाही. साडी निळी असल्याने पुढे काही घडणार असेल (उदा. सीसीटीव्हीत निळी साडी दिसते), तर ती अलीकडच्या एखाद्या सैल जागेत आधीच सांगून ठेवायची.

बाकी नेहमीचे दोष भराभर सांगतो. फोन वाजताना ऐकू येतोय, तरी "फोन वाजतो" म्हणणं. उलट, धप्प असा आवाज झाला आणि तो कशाचा ते न सांगणं. मग ऐकणारा पुढची दोन वाक्यं त्या धप्पमध्येच अडकतो. ज्याचं नाव कथेत अजून उघड झालेलं नाही त्याला नावाने हाक मारणं. पडद्यावर उमटणारे मोबाइलचे मेसेज गाळणं; हल्लीच्या मालिकांत अर्धं कथानक मेसेजमध्ये असतं, त्यामुळे हा फार महाग पडणारा दोष आहे.

विनोद आणि धक्का यांची वेळ हा वेगळाच विषय. कपाटाचं दार उघडतं आणि आत प्रेत असतं. निवेदकाने दार उघडण्याआधी प्रेत सांगितलं तर धक्का गेला. किंकाळीनंतर सांगितलं तर डोळस माणूस आधी दचकला आणि शेजारचा अंध प्रेक्षक नंतर. दाराची करकर आणि किंकाळी यांच्या मधे जेमतेम सेकंद असतो. त्यात एकच शब्द बसतो. चांगला लेखक तो शब्द शोधत अर्धा तास बसतो, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही, हे खरं दुखणं आहे.

शेवटचं: इंग्रजी एडीचं भाषांतर करून हिंदी किंवा मराठी एडी बनवणं. इंग्रजीत जेमतेम बसलेलं वाक्य आपल्याकडे लांबतं आणि जागा तेवढीच राहते. शिवाय आपलं क्रियापद शेवटी. वाक्याची शेपटी संवादाखाली दबली की नेमकी कृतीच गायब: "रमेश खिशातून पिस्तूल..." काढतो की ठेवतो? म्हणून भाषांतर न करता चित्र बघून नव्यानेच लिहायला हवं.

फेडर_खाली

प्रश्न २ आणि ३ माझ्या टेबलावरचे.

एडी सुरू असताना मूळ ध्वनी खाली दाबावा लागतो. साधारण ६ ते १२ डेसिबल, प्रसंग बघून. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, दाबण्याचा-सोडण्याचा वेग. खाली येताना तिसरा हिस्सा ते अर्धा सेकंद आणि वर जाताना सेकंदभर दिला तर कानाला कळत नाही. स्वस्तात उरकताना हे काम कॉम्प्रेसरवर (पातळी आपोआप दाबणाऱ्या यंत्रणेवर) सोडतात. मग निवेदकाच्या प्रत्येक श्वासाला संगीत वर उडी मारतं आणि पुढच्या शब्दाला परत खाली. तुम्ही म्हणता ते "गडप होणं आणि अंगावर येणं" बहुतेक हेच, म्हणजे दोष ट्रॅकचा. पण टीव्हीतलं ऑटो व्हॉल्यूम किंवा नाइट मोड चालू असेल तर तोही आपल्या परीने पातळी वरखाली करतो आणि दोन्ही मिळून आवाज अक्षरशः हापसतो. आधी ते बंद करून तीच दोन मिनिटं पुन्हा ऐका. तरीही उडी मारतंय? मग ट्रॅकच तसा आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे किती दाबावं. वेब सुगमतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली असावा असं एक कलम आहे. ते मुख्यतः बोलणंच असलेल्या, नुसत्या ध्वनिमुद्रणासाठी आहे. मालिकेला तेच लावलं तर पाऊस, गर्दी, सतार सगळं मरतं आणि ऐकणाऱ्याला प्रसंगाच्या जागी बातमीपत्र मिळतं.

निवेदकाची पातळीही प्रसंगागणिक जुळवावी लागते. नेटफ्लिक्सच्या तांत्रिक अटींत संवादावर मोजलेली सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक), दोन एकक इकडे किंवा तिकडे. ही अख्ख्या भागाची सरासरी झाली. सरासरी बरोबर असूनही कुजबुजीच्या प्रसंगात निवेदक ओरडल्यासारखा वाटू शकतो, कारण तो सगळीकडे एकाच पातळीवर बसवलेला असतो. अहवालात आकडा हिरवा, कानाला त्रास. अशा ट्रॅकवर घरी करण्यासारखं काही नाही, तक्रारच करावी लागते.

इथे स्ट्रीमिंग जुन्या टीव्हीच्या मागे आहे, हेही सांगून टाकतो. ब्रिटनच्या फ्रीव्ह्यू (अँटेनावरच्या मोफत टीव्ही) प्रसारणात निवेदन स्वतंत्र प्रवाहात येतं, सोबत मूळ ध्वनी कधी किती दाबायचा याच्या सूचना येतात आणि मिश्रण घरच्या टीव्हीत होतं. म्हणून तिथे निवेदकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. ओटीटीवर सहसा आधीच मिसळलेला ट्रॅक मिळतो. एकदा कणीक मळल्यावर मीठ कमी करता येत नाही.

प्रश्न ३: मूळ ट्रॅक ५.१ किंवा ॲटमॉस (आवाज चहूबाजूंनी येणारे प्रकार), पण एडीचा ट्रॅक बऱ्याच मालिकांना फक्त स्टीरिओत दिलेला असतो. म्हणून एडी लावताच मागचे स्पीकर गप्प. साउंडबारच्या डिस्प्लेवर किंवा ॲपमध्ये येणारा सिग्नल कोणता ते बघा, 'पीसीएम २.०' (म्हणजे स्टीरिओ) असं काही दिसलं तर हेच कारण. 'सराउंड' किंवा 'अपमिक्स' पर्यायाने थोडी भर पडते, पण निवेदकाचा आवाज घुमायला लागला तर तो बंदच ठेवा. 'डायलॉग एन्हान्स'ही बंद. त्याला संवाद आणि निवेदन यांतला फरक कळत नाही, दोन्ही उचलून धरतो.

टॉकबॅक_मित्र

आता सेटिंग, कारण बऱ्याच घरांत चांगलं एडी असूनही लागत नाही, किंवा भलतंच लागतं.

आयफोनवर: सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ डिस्क्रिप्शन्स, चालू. अँड्रॉइड १३ पासून ॲक्सेसिबिलिटीतच 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' अशी कळ आली आहे. या दोन्हींचा अर्थ "जिथे एडी असेल तिथे तेच आधी लाव" एवढाच; ॲपने ती सूचना पाळली पाहिजे. न पाळल्यास भाग सुरू करून ऑडिओ व सबटायटल्सच्या यादीत जायचं आणि 'हिंदी – ऑडिओ डिस्क्रिप्शन' अशी ओळ निवडायची. नुसतं 'हिंदी' किंवा 'हिंदी – मूळ' नव्हे.

टीव्हीत हमखास होणारी गफलत: टीव्हीच्या मुख्य मेन्यूतलं ऑडिओ डिस्क्रिप्शन हे सहसा अँटेना-केबलच्या प्रसारणासाठी असतं. ते चालू करून ओटीटी ॲपमध्ये काही फरक पडत नाही, आणि लोक समजतात एडीच नाही. ॲपच्या आतली यादी बघा.

स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय; अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर) वेगळा, एडी वेगळं. टॉकबॅक चालू असेल तर पडद्याला बोट लागलं की तो बटणांची नावं वाचायला लागतो आणि मालिकेचा आवाज खाली जातो. भाग सुरू झाल्यावर दोन्ही व्हॉल्यूम कळा तीन सेकंद दाबून टॉकबॅक थांबवा (हा शॉर्टकट आधी चालू केलेला असायला हवा). आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटला व्हॉइसओव्हर जोडलेलं असेल तर बाजूची कळ तीनदा.

डाउनलोड: बऱ्याच ॲपमध्ये उतरवताना निवडलेला ऑडिओच फोनवर येतो. प्रवासाला निघण्याआधी एडीची ओळ निवडून मगच उतरवा आणि विमान मोड लावून अर्धा मिनिट ऐकून बघा.

परदेशी मालिकांत आणखी एक पेच. कोरियन मालिकेला हिंदी डबिंग असतं, एडी मात्र इंग्रजीच, आणि ते इंग्रजी डबिंगवर बसवलेलं. हिंदी संवाद आणि इंग्रजी निवेदन असा मेळ करता येत नाही. घरात इंग्रजी सगळ्यांना झेपत नसेल तर मालिका निवडण्याआधीच ऑडिओची यादी बघा. तीन भाग झाल्यावर कळण्यात काही मजा नाही.

डोळस मंडळींना एडी नको असेल तर: टीव्हीवर साधा ट्रॅक, फोनवर तोच भाग एडीसह, वायरच्या इअरफोनने एकाच कानात. दोन्हीकडे वेळ सारखी करून एकदम सुरू करायचं. ब्लूटूथ वापरलं तर आवाज मागे पडतो आणि प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो. एकाच वेळी दोन उपकरणांवर चालणारी योजना लागेल, हे ध्यानात ठेवा.

आणि एक: 'इंट्रो वगळा' दाबण्याची घाई नको. शीर्षकाच्या संगीतातच कलाकारांची नावं आणि पात्रांची वर्णनं उरकलेली असतात बऱ्याचदा.

निमूट

पटकथावाला, बाकी सगळं मान्य, पण आवाजाला सरसकट तिसरा नंबर देणं पटत नाही. प्रकारावर आहे ते. माहितीपट, पाककृती, तपासकथा यांत यांत्रिक आवाज चालून जातो, विशेषतः रोज स्क्रीनरीडर ऐकणाऱ्यांना. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधल्या एका अभ्यासात बहुतेक दृष्टिबाधित प्रेक्षकांनी यांत्रिक एडी निदान तात्पुरता उपाय म्हणून स्वीकारलं होतं. पण भयपट आणि हळव्या प्रसंगांत तो आवाज उघडा पडतो. माणूस कुजबुजीच्या प्रसंगात आपोआप हळू होतो, यंत्र नाही.

आपल्या भाषांत दोष अजून ढळढळीत. यंत्राला हिंदी नावं जड जातात. 'कमल' आणि 'कमला' यांत शेवटचा स्वर गिळला की दोन पात्रं एक होतात. इंग्रजी शब्द देवनागरीत आला की उच्चार कुठल्या कुठे. आकडे, तारखा, 'डॉ.' आणि 'श्री.' अशी संक्षिप्त रूपं यांची वेगळी उच्चारयादी करून दिली तर निम्मे दोष जातात; ती यादी बहुधा कोणी करत नाही.

नियमांचंही बघा. नेटफ्लिक्सने एडी सुरू केलं एप्रिल २०१५ मध्ये, 'डेअरडेव्हिल'पासून. अंध नायकाची मालिका, आणि आली तेव्हा अंध प्रेक्षकांसाठी वर्णनच नव्हतं. मागणीचा रेटा आल्यावर काही दिवसांत आलं. अमेरिकेत मोठ्या प्रसारण वाहिन्यांना तिमाहीला ८७.५ तासांचं बंधन आहे. ब्रिटनच्या २०२४ च्या माध्यम कायद्यात मोठ्या ओटीटी सेवांसाठी एडीचं लक्ष्य १० टक्के. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२ वं कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांत एडी असावं असं सांगतं, आणि २०२३ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीसाठी एडी करायला लावलं. तास आणि टक्के मोजता येतात. तांदळाच्या डब्याचं झाकण ऐकू आलं की नाही, हे कोणत्या तक्त्यात भरणार? म्हणून स्वस्तातलं एडी खपतं.

फेडर_खाली

निमूट, उच्चारयादीला जोरदार अनुमोदन. एक भर घालतो, कारण वर कोणी बोललं नाही: वेळ सरकणं. चित्रपटाच्या सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या आवृत्तीवर बनवलेला ट्रॅक चुकून २५ फ्रेमच्या आवृत्तीला जोडला तर ४५ मिनिटांच्या भागात शेवटी जवळपास ११० सेकंदांची तफावत पडते; ही चूक लगेच पकडली जाते. २३.९७६ आणि पूर्ण २४ मधली गफलत जास्त चिवट. तेवढ्याच भागात तफावत फक्त २.७ सेकंद, सुरुवातीला काहीच कळत नाही. एकटा अंध प्रेक्षक ती पकडू शकत नाही, कारण संवाद आणि निवेदन एकत्रच सरकतात. शेजारी डोळस माणूस असेल तर त्यालाच ओठ आणि शब्द जुळत नाहीत हे दिसतं. याउलट निवेदन एका ठरावीक प्रसंगानंतर संवादांवर चढायला लागलं तर समजा, एडी संकलनाच्या जुन्या आवृत्तीवर लिहिलंय आणि मागून कोणीतरी दृश्य कापलंय.

तक्रार करताना "एडी खराब आहे" एवढंच लिहू नका. मालिका, हंगाम, भाग, निवडलेला ऑडिओ, उपकरण, आणि मिनिट-सेकंद: "१८ मिनिटं ४० सेकंद, निवेदन संवादावर चढतं, पुढे भागभर तसंच." एवढं असलं तर तक्रार योग्य टेबलापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते.

कानसेन

सगळ्यांचे आभार. ऑटो व्हॉल्यूम चालूच निघाला. तो बंद केल्यावर एका मालिकेतली उडी गेली, दुसरीतली राहिली, म्हणजे दुसरीचा ट्रॅकच तसा. आता प्रश्न ४ राहिला. मालिका रहस्याची आहे, सहा भाग, प्रत्येकी अर्ध्या तासाचे. खुनी शेवटच्या भागापर्यंत झाकलेला असतो.

पटकथावाला

रहस्य आणि मराठी म्हणजे पहिला सापळा क्रियापदाचा. "मुखवटा घातलेला आत शिरतो" म्हटलं की खुनी पुरुष हे पहिल्याच भागात फुटलं. 'व्यक्ती' किंवा 'आकृती' हा कर्ता घ्या आणि सहाही भाग तोच ठेवा: "मुखवट्यातली आकृती आत शिरते." व्याकरणाने ती स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे खुनी पुरुष असो की बाई, काहीच फुटत नाही. मधेच 'तो' किंवा 'त्याचा हात' आला की संपलं. इंग्रजी पटकथेवरून एडी लिहून घेतलं तर हे हमखास निसटतं.

काळ साधा वर्तमान: 'धावते', 'धावत आहे' नव्हे. दोन-तीन अक्षरं वाचतात आणि कृती जिवंत राहते. पात्रांची ओळख सुरुवातीलाच सगळी ओतू नका. एका वेळी एक खूण द्या (कपाळावरचा व्रण, काठी, पांढरी दाढी) आणि पुढे त्या खुणेनेच ओळखा. सहा भागांची नावं, खुणा आणि ठिकाणं एका पानावर लिहून काढा. नाहीतर पहिल्या भागातला 'वाडा' चौथ्यात 'बंगला' होतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं जागा बदलली.

संकलन पक्कं झाल्याशिवाय लिहायला घेऊ नका. लिहिल्यावर घड्याळ लावून मोठ्याने वाचा, मनात वाचलेलं नेहमी कमी वेळाचं वाटतं. मग ध्वनिमुद्रणाआधी मसुदा अशा दृष्टिबाधित व्यक्तीला ऐकवा जिने मालिका अजून ऐकलेली नाही, आणि तिला कामाचे पैसे द्या. डोळे मिटून ऐकणारा डोळस सहकारी इथे उपयोगाचा नाही. त्याने चित्र आधी पाहिलेलं असतं, ते तो मनातच भरून काढतो. ऐकवून झाल्यावर "आवडलं का?" असं विचारू नका. "मोबाइल आता कुठे आहे?", "खोलीत कितीजण आहेत?" असं विचारा. उत्तर चुकलं तिथे लेखन चुकलं.

बजेट फारच तुटपुंजं असेल तर आणखी एक दिशा आहे. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात एडीला पर्याय म्हणून ध्वनिरचनेवर काम झालं आहे: पावलांचे आवाज, दिशा, पात्राच्याच तोंडचं निवेदन यांतून बरंच सांगून टाकायचं आणि बाहेरच्या निवेदकाचं काम कमी करायचं. जिचा ध्वनी अजून तयार होतोय अशा मालिकेला हे फुकटात जमण्यासारखं आहे. झाकण नीट ऐकू येईल असं ध्वनिमुद्रित करा, एक वाक्य वाचेल.

फेडर_खाली

निवेदन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि मिसळलेल्या ट्रॅकबरोबरच त्याची स्वतंत्र फाइल टाइमकोडसह (कोणतं वाक्य कुठल्या क्षणी येतं त्या खुणांसह) जपून ठेवा. मालिका दुसऱ्या ॲपवर गेली, तिथे पातळी वेगळी मागितली किंवा दोन दृश्यं कापली, तर नुसतं मिक्स पुन्हा करावं लागेल. ती फाइल नसेल तर निवेदकाला परत स्टुडिओत बोलवावं लागेल, आणि तोवर त्याचा आवाज बसलेला असतो किंवा दर वाढलेला.